मडक्यात उरलेला चमचाभर

मी विरजण बोलतोय. माझा जन्म कधीचा, मला ठाऊक नाही. आठवतं तेव्हापासून मी ब्राह्मणपुरीच्या भिकुबाईच्या मडक्यात होतो. तिची लेक धनुबाई लग्न होऊन सारंगखेड्याला निघाली, तेव्हा भिकुबाईने मला वाटीत घालून, वर फडकं बांधून तिच्या हाती दिलं.

पुढे मानमोडीच्या साथीत भिकुबाई गेली आणि धनुबाई मलाच माय समजू लागली. आता मी काय बोलणार! कालचा मी आज भाकरीबरोबर खाल्ला जातो. उरलेला चमचाभर नव्या दुधात पडतो आणि सकाळी ते दूधच स्वतःला मी म्हणू लागतं. ब्राह्मणपुरीचा थेंबही माझ्यात उरला नव्हता.

शेजारच्या हिराबाईलाही धनुबाईने मला दिलं होतं. "सांभाळजो, हाई मन्ही मायनं इरजन शे." तेव्हापासून मी दोन घरांत होतो. मला त्याचं नवल वाटलं नाही.

एका वर्षी घोड्यांच्या जत्रेला पाहुणे आले. धनुबाईचा नवरा दोधू मोठा हौशी. त्याने मडकं निपटून त्यांना वाढलं. संध्याकाळी धनुबाई दूध विरजायला बसली, तर मडकं कोरडं.

"मन्ही माय सपाडी टाकी तुम्हीन!" तिने रिकामं मडकं दोधूपुढे पालथं केलं.

ती वाटी घेऊन हिराबाईकडे धावली. पण तिथे दिवा लागला होता, आणि दिवेलागणीनंतर दही घराबाहेर द्यायचं नसतं. धनुबाईनेही किती जणींना तसंच परत पाठवलं होतं.

"आते इरजन बाहेर देतस नही," हिराबाई म्हणाली. मग धनुबाईचा चेहरा पाहून ती विरघळली. "पन तुन्हं दूध आठे आन ना. घरमा येवाले कोन ना म्हनस?"

धनुबाईने कोमट दूध नेलं, हिराबाईने त्यात मला सोडलं. सकाळी घट्ट दही घरी आलं. धनुबाईने बोटभर चाखलं आणि रडता रडता हसली. "माय, तूच शे!"

मी तोच होतो? म्हैस दुसरी, घर दुसरं. चाखणारी तरी लग्नातली पोर कुठे राहिली होती? तिचे केस पिकले होते.

आता धनुबाई नाही. परवा तिच्या लेकीने एका नव्या सुनेला वाटी दिली. म्हणाली, "सांभाळजो, हाई मन्ही मायनं इरजन शे."

मला खुशाल खा, बाबांनो. फक्त मडकं निपटण्याआधी चमचाभर ठेवा. कुणाची ना कुणाची माय त्यात असते.