विनातिकीट मेसेज

काकूंनी मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला, खिडकीबाहेर हात काढून आभाळाला दाखवला आणि परत एकदा ‘कोड पाठवा’ दाबलं. कोड काही येईना.

साठी उलटलेल्यांसाठी पोहण्याचा वर्ग निघाला होता. नोंदणी आज संध्याकाळी बंद, की मग थेट पुढच्या वर्षी. काकूंनी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींचे पोहण्याचे कपडे शिवले, स्वतः मात्र घोट्याच्या वर पाण्यात कधी शिरल्या नाहीत. यंदा त्या हट्टालाच पेटल्या होत्या, तेही नवऱ्याला न सांगता. पण कोडनं पार नाकी नऊ आणले, तेव्हा गुमान नवऱ्यापुढेच जाऊन उभ्या राहिल्या.

काका निवृत्त तिकीट तपासनीस. अनोळखी माणसावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही. त्यांनी चष्मा चढवला, फोनमधली जागा भरली नाही ना ते बघितलं, सिम काढून पुसून परत बसवलं. मग एकदम कान खाजवायला लागले. हे लक्षण काकूंच्या चांगलंच ओळखीचं होतं.

“काय करून ठेवलंत?”

“अगं, ते फसवणुकीचे मेसेज येतात ना... तुझ्या फोनवर अनोळखी सगळे अडवून टाकलेत मी. मागच्या महिन्यातच.”

“विनातिकीट म्हणून उतरवलंत होय सगळ्यांना?”

काकांनी ओशाळून ‘अडवलेले’ नावाचा कप्पा उघडला. सगळे कोड तिथे निमूट बसलेले. काकूंनी शेवटचा भराभर टाकला, तर पडद्यावर आलं, या क्रमांकावर नोंदणी आधीच झाली आहे.

आधीच कुणी केली, असं त्या विचारणार, तोवर काका चहाचं आधण ठेवायला आत सटकलेसुद्धा. काकूंनी कप्पा खाली सरकवला. तळाशी तरणतलावाचा मेसेज होता, पंधरवड्यापूर्वीचा.

“जाहिरात कापून शिवणाच्या डब्यात ठेवली होतीस, ती दिसली मला,” काका आतून म्हणाले. “तलावाच्या खिडकीवर जाऊन नाव दिलं. मेसेज येईल म्हणाले. तू उड्या मारत येशील म्हणून रोज वाट बघतोय, तर तू आपली गप्प. म्हटलं, जागा नसेल मिळाली. विचारू तरी कसा?”

स्वतःच धाडलेली आनंदाची बातमी या माणसानं स्वतःच दारातून हाकलली होती. काकू हसून हसून बेजार झाल्या. डोळे पुसून त्यांनी मेसेज नीट वाचला, मग पुन्हा वाचला.

“अहो, इथे दोघांची जागा लिहिलीय.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. नावेत बसायचं म्हटलं तरी काकांना घाम फुटायचा.

“तू बुडायला लागलीस तर कुणी नको?”

“तुम्ही मला वाचवणार?”

“छे. निदान बरोबर बुडू.”

काकूंना एकदम भरून आलं. शिवणाच्या मशीनवरची टेप उचलून त्या आत गेल्या आणि काकांच्या कमरेला गुंडाळली.

“पोट आत ओढू नका,” त्या म्हणाल्या, “खरं माप हवंय.”