घरभर तेल

आमचे हे पेट्रोल पंपावर कामाला. डिझेल महागलं की ट्रकवाल्यांच्या शिव्या आधी ह्यांच्या कानी पडतात, मग बाजारात भाव चढतात. त्यामुळे देशाचा कारभार आपल्यालाच कळतो, असा ह्यांचा ठाम समज.

त्या दिवशी दारातूनच सुरू झाले. डॉलर भडकलाय, खायचं तेल बाहेरून येतं, जहाजं बंदरात अडकलीत, आता डब्याचा भाव दुप्पट होणार. तुझं शिलाई मशीन विकू, तेल भरून ठेवू, नंतर तेल विकून नवं मशीन घेऊ. मी विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का? पण सासूबाईही लेकाच्या बाजूने, आणि अख्खी गल्ली डबे वाहत होती. गल्लीने डबे नेले म्हणून तेल आणखी चढलं, आणि चढलं म्हणून ह्यांचं खरं ठरलं. जुन्या सामानाच्या दुकानदाराने माझं मशीन उचललं. पलंगाखाली, दारामागे, न्हाणीत, जिकडे तिकडे डबे.

मग सरकारने तेलावरचा आयात कर काढला. जहाजं धक्क्याला लागली. सगळ्या गल्लीने एकदमच डबे विकायला काढले आणि भाव धाडकन कोसळला. किराणावाल्याने आमच्या डब्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डॉलर मात्र खाली आला नव्हता. बाहेरून नवी मशिनं येईनात, म्हणून जुन्यांचेही भाव गगनाला भिडले. घरात तेल भरपूर, तळायला काही नाही. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला त्यांचा संताप यायचा आणि कीवही, पण त्याने आमच्या पोरींचं पोट भरणार नव्हतं.

शेवटी मीच शिलाईच्या कारखान्यात काम मागायला गेले. मुकादमाने दिवसाचा रोज सांगितला, तो महागाईच्या आधीचाच. मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठून आणू?

त्याने मला कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं. बसता बसता चाकाचा पट्टा दिसला. तुटलेला तो पट्टा निळ्या दोऱ्याने मीच शिवला होता. मशीन माझंच होतं.

"बाई, जरा जपून चालवा," मुकादम मागून म्हणाला. "महागाचं मशीन आहे. बिघडलं तर तुमच्या रोजातून कापून घेईन."

मी मान हलवली आणि पहिली बाही सुईखाली सरकवली.