दहा वाजताचं पाणी

पुलाखालच्या खांबाला फूट-इंचांच्या खुणांची लोखंडी पट्टी ठोकलेली होती. रोज सकाळी सहाला खाली उतरून ती वाचायची आणि नदीचं पाणी किती ते कळवायचं, हे त्याचं काम. एकवीस वर्षं त्याने ते बिनचूक केलं होतं. पाहुण्यांना रबरी होडीतून नदीची सफर घडवणाऱ्या राफ्टवाल्यांचा दिवस त्याच्या आकड्यावर ठरायचा. पाच फुटांच्या आत असेल तर राफ्ट सुटायच्या, वर गेलं की त्या दिवशी सगळे घरी.

त्याचा धाकटा भाऊ राफ्टवर वाटाड्या होता. थोरला जितका अबोल तितका हा बोलका. नकाशे करणाऱ्या एका बाईंनी एकदा दोघांना सांगितलं होतं, की ही नदी या डोंगरांहूनही जुनी आहे. डोंगर मागाहून उचलले गेले, पण तिने वाट बदलली नाही, त्यांना कापत राहिली. म्हणूनच एवढी खोल घळ झाली. धाकट्याने ते लगेच आपलंसं केलं. पाहुण्यांना तो सांगायचा, "ही या घरातली थोरली सून. डोंगर नंतर आले. मग कोणी कोणाला वाट द्यायची?" घळीतल्या सगळ्यात दांडग्या खळाळाचं नाव त्याने 'सासू' ठेवलं होतं.

थोरल्याने लग्न केलं नव्हतं. दोन्ही वेळचं जेवण धाकट्याकडे. भावजय वाढायची आणि सात वर्षांची पुतणी त्याच्या ताटातलं पळवायची.

त्या दिवशी सकाळी पाणी चार फूट सात इंच होतं. त्याने कळवलं. नऊला राफ्ट सुटली, धाकटा आणि चार पाहुणे. पुलापासून घळीपर्यंत नदी संथ आहे. घळीच्या तोंडाशी वाळूवर चहाची टपरी आहे, तिथे दहाच्या सुमारास सगळे अर्धा तास थांबतात. टपरीत फोन आहे.

दहाला त्याने सहज पुलावरून खाली पाहिलं. पट्टीवर पाणी इंचभरच चढलं होतं, पण रंग बदलला होता. गढूळ, आणि त्यावर हिरवा, ताजा तुटलेला पाला. वर डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला होता. त्याने पुलावरच्या चौकीतला फोन उचलला. महिन्याभरात त्याने दोनदा असंच राफ्ट थांबवली होती आणि दोन्ही वेळा पाणी आलं नव्हतं. तेव्हा धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आमच्या दादाला तांब्यातल्या पाण्याचीही धास्ती!" सगळे पोट धरून हसले होते.

त्याने फोन ठेवला.

साडेअकराला पाणी नऊ फुटांवर होतं. 'सासू'पाशी राफ्ट उलटली. धाकट्याने चौघांना एकेक करून खडकावर चढवलं. तो स्वतः चढू शकला नाही. तिसऱ्या दिवशी तो खालच्या वळणावर सापडला.

चौकशीला साहेब आले. मोजणीची वही पाहिली, सहाचा आकडा पाहिला. "मोजणीवाल्याची काही चूक नाही," असं लिहून गेले. दहा वाजताचं कोणी विचारलंच नाही.

भावजय त्याला वाढत राहिली. तो दोन घास खायचा आणि उठायचा. दोन महिन्यांनी एका दुपारी, मुलगी शाळेत असताना, ती म्हणाली, "भाऊजी, तुमची चूक नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. मग तुम्ही माझ्याकडे बघत का नाही?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "फोन उचलला होतात?"

"उचलला होता."

"मग ठेवलात का?"

"तो हसेल म्हणून."

"हसलाच असता," ती म्हणाली. "हसला असता आणि थांबला असता."

तिने पाण्याचा पेला त्याच्याजवळ सरकवला. "पुरं जेवा. ताटावरून उठू नका. पण उद्यापासून मला तुम्हाला वाढता येणार नाही. राग म्हणून नाही. हातच उचलणार नाही माझा."

दुसऱ्या दिवशी तो दहा वाजताचं सांगायला साहेबांकडे गेला. "प्रकरण मिटलंय, कशाला उकरता?" साहेब म्हणाले. तेव्हा त्याने परत येऊन वहीत, त्याच तारखेखाली, स्वतःच्या हाताने लिहिलं: 'दहा वाजता पाणी गढूळ, हिरवा पाला. कळवलं नाही.' खाली सही केली.

वर्ष सरताना भावजय मुलीला घेऊन माहेरी जायला निघाली. नदीचा आवाज येणार नाही असं घर तिला हवं होतं. त्याने सामान बसमध्ये चढवलं. पुतणीने गळ्यात पडून विचारलं, "काका, तू कधी येणार?" भावजयीने मुलीला जवळ ओढून घेतलं. बस सुरू झाल्यावर खिडकीतून एवढंच म्हणाली, "तब्येतीला जपा."

बस वळणाआड गेली. तो पाणी बघायला पुलाकडे चालू लागला.