लॅमिनेशनवाल्या आजोबांच्या नातीचा पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. जुना म्हणजे अगदी म्हातारा समजू नका हं! मोठ्या माणसांचे पासपोर्ट पुष्कळ वर्षे मिरवतात. आम्हा लहान मुलांच्या पासपोर्टांचे मात्र लवकर आटोपते, कारण आमच्या मालकांचे चेहरे भराभर बदलतात.

माझी मालकीण तेव्हा तान्ही होती. डोक्यावर नावालासुद्धा केस नव्हता, म्हणून घरात सगळे तिला टकू म्हणत. पुढे दाट कुरळे केस आले, तरी नाव तेच राहिले. माझ्यासाठी तिचा फोटो काढणे म्हणजे दिव्यच होते. मागे पांढरे हवे, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेले हवे आणि चौकटीत दुसऱ्या कुणाचे बोटही दिसता कामा नये. आता जिची मान अजून सावरत नाही, ती एकटी बसणार कशी? शेवटी फोटोग्राफरने आईला खुर्चीवर बसवले, तिच्या डोक्यावरून पांढरी चादर टाकली आणि टकूला तिच्या मांडीवर ठेवले. आई चादरीच्या आतून गुणगुणत होती, बाबा समोर माकडउड्या मारत होते आणि टकू जांभया देत होती. सहीच्या जागी तिच्या अंगठ्याचा ठसा हवा होता. शाईचा अंगठा कागदाआधी तोंडात गेला. त्या दिवशी ती निळी जीभ घेऊन घरी परतली आणि काही दिवसांनी मी कोरा करकरीत होऊन तिच्या सेवेत रुजू झालो.

सेवा कसली? मी सरळ कपाटात गेलो. टकू जेमतेम चालायला लागली होती, तेव्हा आईला सीमेपलीकडच्या शहरात रुग्णालयात नर्सची नोकरी लागली. राहायला जागा मिळाली की बाबांनी टकूला घेऊन यायचे, असे ठरले. पण जागा मिळता मिळेना. तोवर टकूची आई फोनच्या पडद्यात राहू लागली. टकू रोज संध्याकाळी त्या पडद्याला घास भरवी, त्याचा पापा घेई. मी हे सारे कपाटातून ऐकत असे आणि मला फार वाईट वाटे. एका पोरीला तिच्या आईकडे न्यायला माझा जन्म झाला आणि मी आपला स्वेटरांखाली दडपलेला!

अखेर जागा मिळाली. आईने संमतीपत्र धाडले. लहान मूल आई किंवा बाबा अशा एकाच्याच बरोबर सीमा ओलांडणार असेल, तर दुसऱ्याची लेखी संमती लागते. कुणी मूल गुपचूप पळवून नेऊ नये म्हणून हा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. त्या पत्रावर नोटरीचा उठावाचा शिक्का होता, बोट फिरवले की हाताला लागणारा. पत्राला त्याचा भारी तोरा होता.

तो तोरा आजोबांनी उतरवला. बाबांच्या या वडिलांचे झेरॉक्स आणि लॅमिनेशनचे दुकान होते. कुणावर माया दाटून आली की ते त्याचा कागद प्लास्टिकमध्ये घालत. टकूचे लसीचे कार्ड, तिने ओढलेल्या पहिल्या रेघोट्या, काही म्हणून सुटले नव्हते. आजी म्हणायची, "मी जरा चपटी असते ना, तर मलाही घातलं असतं मशीनमधे!"

प्रवासाची तयारी सुरू झाली, तशी आजोबांनी कुणाला न विचारता जन्मदाखला आणि संमतीपत्र गरम रुळांतून काढून आणले. "आता पाणी सांडू दे नाहीतर चहा, माझ्या नातीच्या कागदांना काही होत नाही," असे म्हणून त्यांनी त्यांवरून हात फिरवला. त्यांनी मलाही घालून पाहिले. पण मी पडलो जाडजूड, मशीनच्या तोंडातच अडकलो आणि एका मुडपलेल्या कोपऱ्यावर निभावले.

सीमेवरच्या तपासणीच्या दालनात चष्मेवाल्या अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांनी मला उघडले, एकदा फोटोकडे पाहिले, एकदा त्या कुरळ्या जंगलाकडे.

"हे बाळ आणि ही मुलगी एकच?"

"एकच, मॅडम. फक्त केस आलेत. टकू, काकूंकडे बघ."

"हिला टकू म्हणता?" बाई खुदकन हसल्या. पुढचा कागद हाती घेताच मात्र त्यांचे हसू मावळले. त्यांनी प्लास्टिकवर नख घासले. "शिक्का हाताला लागत नाही. ही रंगीत झेरॉक्स आहे का?"

"नाही हो, मूळच आहे. आमच्या वडिलांनी प्रेमाने लॅमिनेट केलं."

"प्रेम मला दिसतंय, शिक्का दिसत नाही. हे मला चालणार नाही. नवीन पत्र घेऊन या, नाहीतर परतीची बस धरा."

बाबांचा चेहरा पडला. दालनाच्या टोकाला काचेची भिंत होती आणि तिच्यापलीकडे सकाळपासून टाचा उंचावून उभी होती ती टकूची आई! बाबांनी बोट दाखवले. "मॅडम, जिची संमती हवीय ना, ती काय, तिथेच उभीय."

बाईंनी तिकडे वळून पाहिले. मग त्यांनी शिपायाला धाडून आईला काउंटरजवळच्या काचेशी बोलावले. तिचे ओळखपत्र आणि जन्मदाखल्यावरचे नाव ताडून पाहिले. "नाव जुळतंय. पण पोर ओळखते का आईला?"

टकू बाबांच्या पायामागे लपली. माझी तर पाने पानांना चिकटली. इतके दिवस पडद्यातल्या आईला घास भरवणारी पोर खऱ्या आईला परकी समजली तर?

टकू हळूच पुढे आली. तिने काचेवर दोन बोटे ठेवली आणि फोनवर करतात तशी चिमटून आईला लहान करून पाहिले. आई काही लहान होईना. टकूचे डोळे विस्फारले.

"आई! तू केवढी मोठी झालीस गं!"

आई हसता हसता रडली. शिपाई हसला, रांगेतली माणसे हसली. अधिकारी बाईंनी चष्मा पुसला आणि काचेखालच्या फटीतून कोरा कागद सरकवला. आईने त्यांच्यादेखत नवे संमतीपत्र लिहून सही केली. मग माझ्या कोऱ्या पानावर शिक्का पडला, धप्प! मित्रांनो, त्या आवाजासाठी तर मी जन्मलो होतो. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

दार उघडले आणि टकू सुटली. तिच्यामागे बाबा, बाबांमागे घरंगळणारी बॅग. पलीकडे तिघांची नुसती मिठी झाली. आणि मी? मी काउंटरवर तसाच उघडा पडलेला! "अहो, पासपोर्ट! पासपोर्ट राहिला!" असे ओरडत अधिकारी बाईच मला घेऊन धावल्या.

आता माझी मुदत संपली आहे. कुरळ्या केसांचा नवा पासपोर्ट आला आणि मी खणात निवांत पडलो आहे. पण जाता जाता एवढे सांगतो. निघण्याआधी आमची मुदत पाहा. मूळ कागद मूळच राहू द्या, त्याला मायेने प्लास्टिकमध्ये कोंडू नका. आईची किंवा बाबांची संमती आठवणीने जवळ ठेवा. निघेपर्यंत आम्हाला जिवापाड जपा, मित्रांनो, मग पलीकडे पोचल्यावर तुम्हाला आमचा खुशाल विसर पडू दे.