संध्याकाळपर्यंत

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नवऱ्यानं सासरची जी पहिली गंमत सांगितली, ती कपबशीची.

"आपल्या घरात काहीही फुटलं ना, की ते फोडलेलं असतं मीच," तो हसत म्हणाला होता. "फोडायचा दादा आणि पुढे व्हायचो मी. बाबांचा हात दादावर फार जड पडायचा. मी धाकटा, मला एक चापट, फार तर दोन. आई नुसती डोळ्यांनी खुणावायची. मी म्हणायचो, बाबा, माझ्या हातून झालं. विषय संपला! मग संध्याकाळी बाबांचा राग निवला की आई त्यांना हळूच खरं सांगायची. बाबा मला जवळ घ्यायचे, पाठीवरून हात फिरवायचे. त्या हातासाठी मी आणखी डझनभर कप फोडले असते."

"म्हणजे दादांनी फोडले असते," ती म्हणाली, आणि दोघंही पोट धरून हसली होती.

माणूस ज्या गोष्टीवर हसतो तीच पुढे कधी त्याच्या मुळावर येईल, हे देवालाच ठाऊक.

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. वर दोन खोल्या, खाली सोफ्यांना कापड चढवायचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं, एक लांबट खोली; काथ्या, स्पंज, कापडाचे तागे आणि लाकडाचा भुसा. धाकटी मशीनवर शिवून द्यायची. कापड लाकडावर चढवायचं काम दोघा भावांचं. धाकटा दोन्ही हातांनी कापड ताणून धरी, अगदी बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत, आणि थोरला तोंडात धरलेली एकेक चूक, बारीकसा खिळा, काढून ठोकी. हातोडी कायम थोरल्याची. एकदा धाकट्यानं हौसेनं हातात घेतली आणि पहिलाच घाव दादाच्या अंगठ्यावर बसला. तेव्हापासून "तू फक्त धर रे बाबा, ठोकायचं मी बघतो," हे त्या खोलीतलं वेदवाक्य झालं.

त्या दिवशी जागेचे मालक आले होते. महिनाअखेर जागा खाली करा म्हणाले. धाकटी दोरे आणायला बाजारात गेली होती. परत आली तो दारात गर्दी, गर्दीच्या आत पोलीस. मालक भुशात पडलेले, शेजारी हातोडी. त्यांच्यावर नवं, निळं कापड टाकलेलं. तिनंच सकाळी शिवलेलं. थोरला भिंतीला टेकून थरथरत होता. सासूबाई आतल्या दारात उभ्या होत्या, आणि धाकटा दोन पावलं पुढे होऊन फौजदाराला सांगत होता, "साहेब, माझ्या हातून झालं."

ते शब्द कानावर पडले आणि धाकटीला कपबशी आठवली. तिनं वळून सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी नजर खाली वळवली.

न्यायाधीशांसमोरही धाकट्यानं तेच सांगितलं. पोलिसांनी आधी दोघांनाही आत टाकलं होतं. काही महिने गेले, आणि थोरला माफीचा साक्षीदार झाला. सगळं पाहिलंय, खरं खरं सांगतो म्हणाला. सरकारनं त्याला सोडलं. आणि त्यानं सांगितलं काय? "मालक हात जोडत होते, साहेब. गयावया करत होते. तरी धाकटा थांबला नाही."

त्या एका वाक्यानं फासाचा दोर वळला. निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी तेवढंच वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. हात जोडणाऱ्यावर घाव घालतो, त्याला दया कसली? तरी त्यांनी विचारलं, तुला काही सांगायचंय का? धाकट्यानं मान वळवून मागच्या बाकावर बसलेल्या आईकडे पाहिलं. आई बोटांनी शालीचं टोक चोळत होती. तो पुन्हा वळला आणि मानेनंच नाही म्हणाला. आरोपीला पश्चात्तापाचा लवलेश नाही, असं निकालात लिहिलं गेलं.

गुन्हा एक, खोली एक, हातोडी एक; आणि एक भाऊ घरी जेवायला, दुसरा फाशीच्या कोठडीत.

धाकटीनं पहिल्या वकिलांना ताणायचं-ठोकायचं सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "अहो बाई, हातोडी कुणाच्याही मुठीत बसते. आणि तो स्वतःच हो म्हणतोय, मी काय त्याच्या तोंडावर हात ठेवू?" भेटीच्या दिवशी नवऱ्याला विचारावं तर तो हसायचा. "कशाला घाबरतेस? आई आहे ना." वरच्या कोर्टानं शिक्षा कायम केली त्या दिवशीही तो तेच म्हणाला. "आई आहे ना." धाकटीला वाटायचं, भीतीनं याचं डोकं फिरलंय.

ती रोज पहाटे अंघोळ करून देवापुढे वात लावी आणि नवरा घरी येईपर्यंत एकवेळच जेवायचा नेम धरून होती. वात लावताना ती त्या मेलेल्या मालकांचंही नाव घेई. त्यांचीही कुणीतरी वाट पाहणारी होती. कोर्टात प्रत्येक तारखेला ती बाई पहिल्या बाकावर ताठ बसलेली दिसायची, आणि धाकटीला तिच्याकडे बघवत नसे.

खाली थोरला पुन्हा कामाला लागला होता. एकदा शिवलेली कव्हरं द्यायला ती गेली, तर तो एकटाच सोफ्याशी झटत होता. कापड एका बाजूनं ताणावं तर दुसऱ्या बाजूनं सुटे.

"दादा, आता कापड कोण धरतं?" तिनं विचारलं.

त्यानं तोंडातल्या चुका हातावर काढल्या. "शिकंजा लावतो."

"शिकंजा बरा. बोलत नाही."

"धाकटे, जिभेला आवर घाल."

"तुम्ही घातलात ना कोर्टात, तेवढाच घालते."

थोरल्यानं मान वर केली नाही. त्याच्या दोन मुली दारात उभ्या होत्या. त्यांना बघून धाकटीनं कव्हरं खाली ठेवली आणि ती जिना चढून गेली.

आता उरला होता दयेचा अर्ज. त्यासाठी नव्या वकीलबाई मिळाल्या होत्या, तरुण, चष्मा सारखा नाकावरून घसरणाऱ्या. पण कान देऊन ऐकणाऱ्या. त्यांनी धाकटीला विचारलं, "त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं?"

"आतल्या दारात सासूबाई."

"त्यांचा जबाब कुणी घेतलाच नाही?"

"मी काही बघितलं नाही म्हणाल्या."

वकीलबाई पुढे झुकल्या. "हे बघा, त्यांनी खरं सांगितलं तर अर्जाचं वजन बदलेल, कदाचित कोर्टातही परत जाता येईल. पण एक आहे. मोठ्या मुलाची माफी मग राहायची नाही. तो खोटं बोलला असं ठरलं तर त्याच्यावरही हाच खटला चालेल. हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा. फसवून आणू नका."

धाकटीनं फसवलं नाही. सासूबाई भांडी पुसत होत्या, त्यांच्यापुढे बसून तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई एकच ताटली कितीतरी वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "येते."

धाकटीला क्षणभर खरंच वाटेना. तिनं वाकून त्यांचे पाय धरले. "आई, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत."

"ऊठ गं," सासूबाई म्हणाल्या. "उपकार कसले."

वकीलबाईंच्या कचेरीत पंखा कुरकुरत होता. सासूबाईंसाठी चहा आला, त्यांनी त्याला हातही लावला नाही. वकीलबाईंनी आवाज अगदी मऊ ठेवला. "आजी, घाई नाही. तुम्ही दारात उभ्या होतात. हातोडी कुणाच्या हातात होती?"

धाकटीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"धाकट्याच्या," सासूबाई म्हणाल्या.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "आजी, मी पुन्हा विचारते..."

"कितीदाही विचारा. धाकट्याच्या. आणि हे लिहून घ्या, म्हणजे मला परत यायला नको."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर धाकटीचा तोल सुटला. जन्मात सासूपुढे आवाज न चढवलेली ती, तिचा आवाज जिन्यातून खालपर्यंत गेला. "मग आलात कशाला? नाही म्हणायचं होतं! येते म्हणालात, मला पाय धरू दिलेत. हे केसानं गळा कापणं झालं, आई!"

सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. "आले ते खरं सांगायलाच. देवाशपथ. जिना चढेपर्यंत खरं होतं ओठावर." त्यांनी श्वास घेतला. "वकीलबाईनं माफी राहायची नाही म्हणून सांगितलंय ना. तुझा सुटेल याची खात्री देतेय का ती? नाही. मोठा अडकेल ही मात्र खात्री. मग माझे दोन्ही जातील. त्याच्या पदरात दोन मुली आहेत. तुला पोर ना बाळ..."

शब्द निसटला तसा त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण बाण सुटला होता.

"तेव्हाही हाच हिशेब केलात?" धाकटीनं विचारलं. आता तिचा आवाज अगदी खाली आला होता. "दारातून खुणावलंत तेव्हा?"

"तेव्हा कुठला गं हिशेब! तेव्हा सवयीनं. दोघांकडे बघितलं आणि मान आपोआप धाकट्याकडे वळली. तोही सवयीनंच पुढे झाला. मला वाटलं, धाकटा आहे, कोर्ट सांभाळून घेईल."

दुसऱ्या दिवशी भेटीची सकाळ होती. सासूबाई नेहमीसारख्या बरोबर निघाल्या. धाकटीनं या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. आत एका वेळी एकालाच सोडत. सासूबाई अंगणातल्या बाकावर बसल्या आणि धाकटी आत गेली.

मध्ये जाड काच, काचेला गोल भोकांची जाळी. पलीकडे तो बसला होता. केस पिकले होते, पण हसू तेच, सासरची गंमत सांगणाऱ्याचं.

"आई आली?" त्यानं विचारलं.

"बाहेर बसल्यात."

"आणि काल? मागच्या भेटीत म्हणालीस ना, वकिलांकडे नेणार म्हणून. बोलली ती?" तो जाळीजवळ सरकला. "मला ठाऊक होतं. उशीर करते, पण सांगते. बाबांचा राग निवायची वाट बघायची ना ती. संध्याकाळपर्यंत. आणि मग सांगायचीच."

तेव्हा धाकटीला उमगलं. इतकी वर्षं हा माणूस वेडा झाला नव्हता, शूरही झाला नव्हता. तो संध्याकाळची वाट बघत बसला होता. फाशीच्या कोठडीत, निवांत, पाठीवरच्या हाताची.

तिला एकदा वाटलं, हो म्हणावं. बोलल्या म्हणावं. त्याचं ते हसू तरी राहील. पण त्या घरात आजवर प्रत्येकानं दुसऱ्याचं बरं व्हावं म्हणूनच तोंड मिटलं होतं, आणि त्याचं काय झालं ते तिच्यासमोर काचेपलीकडे बसलेलं होतं.

"आल्या होत्या," ती म्हणाली. "वकीलबाईंनी विचारलं, हातोडी कुणाच्या हातात होती. त्या म्हणाल्या, धाकट्याच्या."

तो हसतच राहिला. हसू चेहऱ्यावरून जायला वेळ लागला.

"घाबरली असेल."

"पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाल्या. लिहून घ्या म्हणाल्या."

मागचा शिपाई खाकरला. धाकट्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं, पालथे, उलथे.

"मी धरलं होतं त्यांना," तो म्हणाला. "मालकांना. ते दादाच्या अंगावर धावून गेले, मी मध्ये पडलो, दोन्ही मनगटं धरली. सोडवायला गं. शप्पथ, सोडवायला. मी धरलं आणि दादानं... रोजच्यासारखं." त्यानं दोन्ही मुठी आवळून दाखवल्या. "मी धरलं नसतं तर त्यांना बाजूला होता आलं असतं. म्हणून मला वाटायचं, निम्मं तर खरंच माझंय. आईनं मान हलवली तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही."

"दादा कोर्टात म्हणाले, मालक हात जोडत होते."

त्यानं चटकन वर पाहिलं. ते वाक्य त्यानं कोर्टात ऐकलं होतं, निकालात ऐकलं होतं, पण बहुधा आजच त्याच्या कानात शिरलं.

"हात जोडायला त्यांचे हात मोकळे कुठे होते?" तो म्हणाला. "ते माझ्याकडे होते."

मग त्यानं चेहरा बाहीनं पुसला.

"वकीलबाई येतील का इथे?"

"आज म्हणाल तर आज."

"उशीर झालाय ना फार?"

"झालाय," धाकटी म्हणाली. खोटं बोलायचं नाही हे तिनं आता ठरवूनच टाकलं होतं. "ऐकतील की नाही, त्यांनाही सांगता येत नाही. पण तुम्ही बोला. एकदा तरी तुमच्या तोंडून तुमचं बोला."

"बोलाव त्यांना." शिपायानं वेळ झाल्याची खूण केली तसा तो उठला. "आणि आईला म्हणावं, आज भेट नको."

धाकटी अंगणात आली. ऊन अजून कोवळं होतं. सासूबाई लगबगीनं उठल्या, शाल सारखी केली, केसांवरून हात फिरवला. लेकाला भेटायला जाताना त्या नेहमी करत तसं.

"बोलावलं?"

"वकीलबाईंना बोलावलंय."

सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. मग बाकाची कड हातानं चाचपून हळूच खाली बसल्या.

"माझं काही विचारलं त्यानं?"

"विचारलं," धाकटी म्हणाली. "संध्याकाळ झाली का म्हणून."

सासूबाईंना कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी शाल तोंडावर ओढून घेतली. धाकटी शेजारी टेकली नाही, थांबलीही नाही. फाटकाबाहेर टेलिफोनचं दुकान होतं, तिकडे ती भराभर चालू लागली.