मोठ्या आकड्यांचे घड्याळ

मित्रांनो, देखणे म्हणावे असे माझ्यात काही नाही. मी एक जुने, जाडजूड मनगटी घड्याळ आहे. रबरी पट्टा, काचेभोवती दणकट कठडा आणि फिक्या राखाडी पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढे काळेभोर आकडे. कोचाबांबाच्या बाजारात शेजारची नाजूक घड्याळे मला हसत. एके दिवशी सेवेरिनो नावाच्या गृहस्थांनी मला भर उन्हात नेऊन निरखले आणि ते म्हणाले, "हे बोलतं बरं का! बाकीची नुसती पुटपुटतात."

सेवेरिनो म्हणजे बोलिव्हियाच्या डोंगरातल्या आमच्या गावचे फुटबॉलचे पंच. सगळे त्यांना मानाने ताता म्हणत. सणाच्या दिवशी वरच्या आणि खालच्या आळीच्या बायका घेरदार झगे सावरत सामना खेळत आणि जिंकणाऱ्या आळीला मेंढा मिळे. गारा, चिखल, मक्याच्या दारूचे शिंतोडे, सगळे मी अंगावर घेतले. एकदा तर सुपाच्या हंड्यात पडूनही चालत राहिले. पुढे तातांची नजर अधू झाली, पण माझ्यामुळे ते कुणाला कळले नाही. याचा मला भारी अभिमान वाटे.

मग त्यांची लेक नीवेस शहरातून नवे घड्याळ घेऊन आली. काळा पडदा, त्यावर बारीक पांढरे आकडे. वेळ, दिशा, जागेची उंची, सगळे त्यात दिसे. मी कोठीत, बटाट्यांच्या ढिगावर, खिळ्याला लटकले. फार वाईट वाटले.

त्या वर्षीच्या सामन्याच्या मध्येच नीवेस धापा टाकत कोठीत आली. मला पुसता पुसता ती स्वतःशीच बडबडत होती, त्यावरून सारे समजले. उन्हात नव्या घड्याळावर तातांना काही दिसेना. त्यांनी टोपीची सावली धरली, भलतेच बटण दाबले आणि ३०१२ आकडा वाचला. तीस मिनिटे बारा सेकंद झाले असे समजून त्यांनी तीस मिनिटांचा पहिला डाव संपल्याची शिट्टी फुंकली. ती होती गावाची उंची, मीटरमध्ये! खेळाडूंना तोवर धड घामही आला नव्हता.

मी मैदानात पोहोचले तेव्हा वरच्या आळीची बासिलिया कमरेवर हात ठेवून उभी होती. "ताता, डोंगर मोजायला बोलावलं होतं का तुम्हाला? आता आणखी एक चूक करा, की शिट्टी आमच्या हवाली!"

लोक खो खो हसले. ताता हसले नाहीत. ती शिट्टी त्यांच्या वडिलांची होती.

तातांनी मला मनगटावर बांधले, पहिला डाव नीट पुरा करून घेतला आणि मग दुसरा सुरू केला. खालची आळी एका गोलने पुढे होती. मी शून्यापासून मोजत तीस मिनिटांवर आले, तातांनी मला थांबवले आणि शिट्टी फुंकली. त्याच्या पाठोपाठ बासिलियाने मारलेला चेंडू जाळ्यात शिरला. एकच गदारोळ उठला. "वेळ बाकी होती! परत उंची वाचली!"

 तातांनी मनगट वर करून मला सगळ्यांसमोर धरले.

बासिलिया तरातरा आली. तिने मनगट धरून माझ्याकडे पाहिले.  तिने नुसती नकारार्थी मान हलवली असती, तरी अर्धे गाव तिच्या बाजूने उभे राहिले असते.

"पूर्ण तीस," ती म्हणाली. "झालीय वेळ. गोल नाही."

"अगं, काय बोलतेस! मेंढा गेला ना!" तिच्याच मैत्रिणी ओरडल्या.

"मग काय करू? एवढं ढळढळीत दिसतंय. खोटं बोलायला जागा तरी ठेवलीय का यानं?" मग तिने हळूच नीवेसला विचारले, "असलंच एक मला आणशील, पोरी? सुईत दोरा ओवता येत नाही गं हल्ली."

शिट्टी तातांच्या गळ्यातच राहिली आणि मी त्यांच्या मनगटावर. नवे घड्याळ आता कोठीत बटाट्यांना गावाची उंची सांगते.

मित्रांनो, आजोबांसाठी घड्याळ घ्याल तेव्हा ते उन्हात न्या, त्यांच्या हातात द्या आणि किती वाजले ते विचारा. डोळे बारीक न करता त्यांनी सांगितले, तरच घ्या. नाहीतर माझ्यासारखे एखादे घरातल्या खिळ्याला लटकले आहे का, ते आधी बघा.