काष्ठसिद्ध महाराजांची पापफळी

शिवम्मा करणीवाली ठरली, तर तिचा दीर ईश्वरप्पा याचा फायदा किती? पत्र्याची शेड एक. बारमाही पाण्याचा दगडी हौद एक. शिवाय बाजाच्या पेट्या करणाऱ्या कारखानदाराचं कायमचं गिऱ्हाईक. आणि भांडवल? एक महाराज, तोही दोन वेळच्या जेवणावर.

सोलापुरातल्या त्या सुतारगल्लीत नवऱ्यामागं शिवम्मा लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे रंगवायची. ते वरून चिकटवले की साधी आंब्याच्या लाकडाची पेटी राजवाड्यातली वाटे. तिचा रंग बहुतेक झाडांचा: मंजिष्ठ, हिरडा, बाभळीची साल, डाळिंबाची सालं. उरलेलं पाणी मागच्या ज्ञानबाच्या वांग्यांना जाई. ईश्वरप्पाला मात्र विलायती पुड्या हव्या होत्या. तासात रंग, दिवसात पैसा. गेल्या साली त्यानं एकदाच हौदात पुडी कालवली आणि ज्ञानबाचा अख्खा वाफा करपला. तेव्हापासून शेडची किल्ली शिवम्माच्या कमरेला.

सन एकोणीसशे एकतीसच्या उन्हाळ्यात गल्लीतली तीन लेकरं तापानं पडली. डॉक्टर आणायचा, तर ईश्वरप्पानं काष्ठसिद्ध महाराज आणले. ही करणी आहे, असं महाराजांनी पहिल्याच जेवणाला ओळखलं. आठव्या दिवशी करणीवाली हुडकायची ठरली.

शेडपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांच्या मांडीवर एक फिकट पिवळी पातळ फळी.

"ही फळी हिमालयात बारा वर्षं माझ्यासंगं तपाला बसली! पुण्यवंताचा हात लागला, तर पिवळीच राहील. करणीवालीचा लागला, तर कोळसा!"

"बारा वर्षं? आमचा पलंग बी येवढा टिकत न्हाय की," मागून कुणीतरी म्हणालं. त्याला चौघांनी गप्प केलं.

महाराजांचा चेला लोट्यातलं तीर्थ हातावर घाली; बाया ओला तळवा फळीवर टेकवत. पार्वतम्मा झाली, महानंदा झाली. फळी पिवळीच. शिवम्माच्या पाळीला चेल्यानं लोटा बदलला. तिनं हात टेकवला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फळीवर काळा पंजा उमटला.

"करणीवाली!" गल्ली ओरडली.

बजाबाई पुढं आली. तिची सहा वर्षांची गोजरा तिघांत जास्त आजारी होती. "शिवम्मा, माझी पोर डोळा उघडंना. जा बाई हितनं, पाया पडते तुझ्या."

ईश्वरप्पा कोरडे डोळे पुसत म्हणाला, "वैनी, किल्ली ठेवा हितं. घराच्या अब्रूचा सवाल हाय."

शिवम्मानं किल्ली मुठीत धरली. पण नजर त्या पंज्यावरून हलेना. कडेला जांभळट झाक असलेला हा काळा रंग तिच्या रोजच्या ओळखीचा. मग तिला फळीचा कोपरा दिसला.

"महाराज, ही फळी हिमालयातली?"

"साक्षात!"

"मंग कोपऱ्याला माझ्या आरीचं भोक कसं? दोरीवर वाळत घालाया मी पाडते त्ये. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या तीन फळ्या शेडातनं गेल्यात माझ्या. भावजी, कुलूप न्हाय तुटलं, म्हंजी चोर घरचाच की!"

महाराज काही म्हणायच्या आत तिनं चेल्याच्या हातातला लोटा हिसकावला आणि फळीवर धार धरली. हात कुणाचा लागला नाही. तरी धारेमागं काळा ओघळ धावत गेला.

"आता सांगा, ह्ये पाप कुणाचं? लोट्याचं?"

ज्ञानबा खो खो हसला.

"ह्यात हिराकस हाय. लोखंडाचाच खार त्यो. हिरड्याला भेटला की काळा व्हतो. काळ्या पेट्या आमी अशाच रंगवतो. पयल्या लोट्यात निस्तं पाणी!" तिनं त्याच लोट्याचं पाणी पुन्हा हातावर घेतलं आणि हिरडा न लावलेल्या पांढऱ्या फळीवर तळवा दाबला. डाग नाही. "पाप हातात असतं तर हितं बी उठलं असतं." मग महाराजांच्याच पूजेतलं लिंबू कापून तिनं काळ्या पंज्यावर घासलं. पंजा फिका पडत गेला. "घ्या! करणी लिंबानं धुतली!"

"महाराज, आता तुमचा हात," ज्ञानबा म्हणाला.

"आम्ही... आम्ही परीक्षेच्या पलीकडचे आहोत!"

"व्हय, पर लोटा न्हाय की!"

दोघांनी महाराजांचं मनगट धरून हातावर लोटा ओतला आणि तळवा दाबला. फळीवर पंजा उमटला, शिवम्माच्या पंज्यापेक्षा मोठा आणि तितकाच काळा. चेला केव्हाच पसार झाला होता.

"हसताय काय?" शिवम्मा गल्लीवर कडाडली. "आठ दिस तुमी ह्येच्या पायाशी बसलाय! उचला लेकरं, दवाखान्यात न्या! मला घालवायचं का ठेवायचं, त्ये मागनं बघू. मी हितंच हाय. कुटं जात न्हाय."

लेकरं उचलली. बजाबाईबरोबर शिवम्माच गेली.

आता कुणी किती भरलं ते पाहू. महाराजांनी चार दिवसांत जाणारा डाग भरला. ईश्वरप्पानं महिनाभर मान खाली घातली, नंतर तीही वर आली. गल्लीनं काहीच भरलं नाही. तापात औषध लागतं आणि लोट्यात काय आहे ते आधी विचारावं लागतं, हे समजायला ना हिमालय लागतो ना शाळा. विचारायला पैसाही पडत नाही. दोन लेकरं पंधरवड्यात खेळू लागली. तिसरीला तपासून डॉक्टर एवढंच म्हणाले, "आठ दिवस आधी का नाही आणली?"

सगळ्यांच्या वाटचं गोजरानं आपल्या जिवानं भरलं.